नमुना क्रमांक २३

"ओ सिस्टर, ह्यांना कुशीला कसं करू? मला एकलीला व्हईना."

मावशींनी एवढंच विचारलं होतं. दुपारचे सव्वातीन वाजले असतील. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. भेटीची वेळ व्हायला अजून अवकाश होता. वर पंखा फिरत होता, पण वारा खाटेपर्यंत पोचत नव्हता. फिनाईल, सकाळची भाजी आणि ओली चादर यांचा मिळून जो एक वास अशा वॉर्डांना असतो, तो होता. माझ्या हातात चेकलिस्ट होती, खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत आदल्याच आठवड्यात प्रेसमधून आणलेल्या माहितीपुस्तिका होत्या. शाईचा वास अजून गेला नव्हता. त्या पुस्तिकेच्या सहाव्या पानावर मावशींच्या प्रश्नाचं उत्तर चार चित्रांत छापलेलं होतं. घरचं एकच माणूस असेल तर रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, खांद्याला कुठे धरायचं, गुडघा आधी दुमडायचा की नंतर. मी पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा ना मावशी."

मावशी "बरं" म्हणाल्या.

त्यांचे मालक कंट्रोल ग्रुपमध्ये होते. माझ्या पीएचडीचा विषय अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना बेडसोअर, म्हणजे पडून पडून अंगाला होणाऱ्या जखमा, टाळायला शिकवणं हा आहे. लकवा झालेला माणूस दवाखान्यात आठ-दहा दिवस राहतो आणि मग त्याचं सगळं घरच्यांच्या हातात येतं. त्या घरच्यांना नीट शिकवलं तर पाठीच्या जखमा कमी होतात का, हे मला बघायचं होतं. त्यासाठी दोन गट. एका गटाला शिकवायचं, एकाला नाही. दोन्ही गट एकाच वेळी एका वॉर्डात ठेवले तर या खाटेवर सांगितलेलं त्या खाटेवर पोचायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही, म्हणून आधी न शिकवण्याच्या गटाचे ६० रुग्ण पूर्ण करायचे, मध्ये एक महिना जाऊ द्यायचा आणि मग शिकवण्याचे ६०. मावशींचे मालक पहिल्या साठांतले. नमुना क्रमांक २३, दिवस तिसरा. न शिकवण्याच्या गटाला काय मिळणार, ते माझ्या आराखड्यात दोनच शब्दांत लिहिलेलं होतं: रुटीन केअर.

हे दोन शब्द मी इतक्या वेळा टाइप केले आहेत की बोटं ते आपोआप लिहितात. पण त्या दुपारी वॉर्डात रुटीन केअर म्हणजे एक सिस्टर होत्या. चाळीसच्या वर रुग्ण, त्यातला एक झटके येत असलेला, आणि औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक अडकलेलं. त्या बाईंना सकाळपासून पाणी प्यायलाही वेळ मिळालेला नसणार, हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. माझ्याच कॉलेजातून त्या पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदला, हे मीच त्यांना शिकवलं होतं. "सिस्टरांना विचारा" असं सांगताना मी मावशींना कुणाकडे पाठवत होते ते मला माहीत होतं, आणि त्या विचारायला जाणार नाहीत हेही.

मी जिना उतरले. खाली आल्यावर चेकलिस्टमध्ये तिसऱ्या दिवसाची नोंद केली. माकडहाडावर लाली नाही, टाचा ठीक, गादी कोरडी. सगळ्या चौकटीत खुणा झाल्या. मावशींच्या प्रश्नासाठी चौकट नव्हती.

मी ज्या कॉलेजात शिकवते ते बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. दोन मजली इमारत, मागे मुलींचं वसतिगृह, पुढे एक कडुनिंब. शिक्षक आम्ही मोजके. इथे दसऱ्याच्या आसपास मुलींची फी येते, कारण त्या वेळी मुकादम ऊसतोडीची उचल देतो. आमच्या कित्येक मुलींचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. शपथविधीच्या दिवशी हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या मुलींमध्ये मी दर वर्षी अशा चार-पाच जणी बघते, ज्यांच्या घरचं कुणीच आलेलं नसतं. त्या समोरच्या खुर्च्यांकडे बघत नाहीत, दिव्याकडे बघतात. अशा कॉलेजात पीएचडी करणं म्हणजे काय, हे मोठ्या शहरातल्या मैत्रिणींना सांगायला गेलं की त्या आधी ग्रंथालयाबद्दल विचारतात. आमच्याकडे ग्रंथालय आहे. पाठ्यपुस्तकांची कपाटं भरलेली आहेत, मुली ती वाचून वाचून मऊ करतात. संशोधनाची नियतकालिकं नाहीत. संख्याशास्त्र समजावून सांगणारं माणूस गावात नाही. माझ्या गाईड मॅडम दुसऱ्या शहरात, सहा तासांच्या अंतरावर. मी वाचते ते रात्री, वसतिगृहाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, कारण मोबाइलला रेंज तिथेच धड मिळते. जे लेख फुकट उघडतात ते वाचायचे, जे उघडत नाहीत त्यांचा सारांश वाचून वहीत नाव लिहून ठेवायचं.

आमचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, म्हसरूळच्या अंगाला, दिंडोरी रस्त्यावर. रात्रीच्या एसटीने निघायचं, पहाटे उतरायचं, स्टँडवर तोंड धुऊन साडी बदलायची आणि प्रगती अहवाल मांडायचा. दर सहा महिन्यांनी. पहिल्यांदा गेले तेव्हा गेटातून आत शिरताना छाती धडधडत होती. १९९८ साली हे विद्यापीठ झालं तेव्हा मी शाळेत होते आणि नर्स व्हायचं ठरलंही नव्हतं. घरात मुळी ते कुणी ठरवलंच नाही. बारावीनंतर गावातली एक मुलगी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, गेली आणि तिला नोकरी लागली, म्हणून आबांनी मलाही पाठवलं. आबा म्हणजे माझे वडील. पुढे नोकरी, मग पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, मग लग्नानंतर एमएस्सी. आपल्या देशात नर्सिंगची पदव्युत्तर पदवी सुरू झाली ती १९५९ साली, दिल्लीला, आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजात. तिथून आमच्या तालुक्यापर्यंत यायला तिला किती वर्षं लागली, याचा विचार मी एसटीच्या खिडकीशी बसून पुष्कळदा केला आहे. तेव्हा मला अभिमान वाटतो. झोप न झालेल्या डोळ्यांनी वाटतो, पण वाटतो.

संशोधनातल्या ज्या कामात मला सर्वांत जास्त आनंद झाला ते प्रश्नावलीचं मराठी करण्याचं. इंग्रजीतून मराठीत करायचं, मग दुसऱ्या कुणीतरी ते मराठी परत इंग्रजीत न्यायचं आणि अर्थ तोच राहिला का ते बघायचं. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मसुद्यात बेडसोअरला एकांनी 'दाबव्रण' असा शब्द सुचवला. शब्द चुकीचा नव्हता. दाबाने झालेला व्रण, दाबव्रण. मी तो वसतिगृहात मुलींना वाचून दाखवला तर एकीला वाटलं प्रसूतीशी संबंधित काहीतरी आहे. मग मी विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? आणि जी काही झड लागली! पाठ सोलली, अंथरूण लागलं, कातडं गेलं, चिघळलं, गादी खाते माणसाला. "गादी खाते" म्हणणारी मुलगी गेवराईकडची होती. तिच्या आजीचं असं झालं होतं आणि ती तेव्हा नववीत होती. आईवडील फडावर, घरी ही आणि आजी. ती सांगत होती आणि बाकीच्या मुली ताटं पुढ्यात घेऊन गप्प बसल्या होत्या. शेवटी प्रश्नावलीत मी लिहिलं, 'एकाच जागी पडून राहिल्याने अंगाला पडणाऱ्या जखमा'. लांबलचक झालं. पण परत इंग्रजीत गेलं तेव्हा अर्थ शाबूत होता.

बॅक केअर हा आमच्या पहिल्या वर्षाचा पहिला महत्त्वाचा धडा. माझ्या ट्यूटर सिस्टरांचा आवाज मला अजून ऐकू येतो. ट्रे कसा लावायचा, त्यात काय काय: कोमट पाण्याचं भांडं, साबण, टॉवेल, स्पिरिट, पावडर. आधी पाठ पुसायची, मग तळहातावर स्पिरिट घेऊन कमरेपासून खांद्यापर्यंत लांब लांब हात फिरवायचे, मग माकडहाडावर गोल गोल चोळायचं, लाली असेल तिथे जास्त, रक्तप्रवाह वाढावा म्हणून. शेवटी पावडर. स्पिरिटचा गार झोत आणि पावडरचा गोड वास एकत्र आला की रुग्णाच्या तोंडून हमखास एक "हाश्श" निघायचा. मला तो "हाश्श" फार आवडायचा. इतर कामांत रुग्ण आपल्याला घाबरतो, सुई घेऊन आलं की हात मागे घेतो. पाठ मात्र तो आपण होऊन आपल्याकडे करतो. नंतर मी शिक्षिका झाले आणि हेच असंच शिकवलं. माझे हात चांगले आहेत असं मुली म्हणायच्या.

आबा गेले त्याला आता सात वर्षं झाली. शेवटचे पाच महिने ते अंथरुणावर होते, उजवी बाजू गेलेली. मी रजा काढली, नंतर बिनपगारी काढली. भाऊ म्हणाला, ताई आहे, आपल्याला काय काळजी. दिवसातून तीनदा मी त्यांची पाठ करायचे. माकडहाडावर लाली दिसली तेव्हा चारदा. मला जे येत होतं ते सगळं मी त्या लालीवर ओतलं. स्पिरिट, पावडर, गोल गोल हात. खाली हवेची रिंग ठेवली. टाचांखाली हातमोज्यात पाणी भरून फुगे करून ठेवले, आम्हाला शिकवलं होतं तसे. लालीचा फोड झाला, फोडाची जखम झाली आणि जखम खोल गेली. आई देवळीत दिवा लावून म्हणायची, तुझ्या हाताला यश येवो. आबा बोलू शकत नव्हते. मी चोळायला लागले की डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवायचे. मला वाटायचं, बरं वाटतंय म्हणून.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी संदर्भ वाचताना, गच्चीवर, रात्री अकरा-साडेअकराला मला ती ओळ सापडली. अमेरिकेतल्या १९९२ सालच्या मार्गदर्शक सूचना. हाडाच्या उंचवट्यावर मालीश करू नये. चोळल्याने आतल्या ऊतींना आणखी इजा होण्याची शक्यता असते. मग मी त्या एका धाग्याने पुढे गेले. हवेची रिंग नको, कारण ती कडेकडेने दाब देते आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोडते. पाण्याचे हातमोजे नकोत. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. लालीवर बोट दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर आतलं नुकसान सुरू झालं आहे, आणि तिथे फक्त एकच करायचं: त्या जागेवरचा भार काढायचा. १९९२. मी जीएनएमला जायच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलं होतं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्यांनी माझ्या मनगटावर ठेवलेला हात कशासाठी होता, ते मला त्या रात्री टाकीला टेकून बसल्यावर कळलं.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं महिन्याभराने. तो म्हणाला, तुला जे शिकवलं होतं तेच तू केलंस. खरं आहे. पण बॅक केअर मीही पंधरा वर्षं शिकवलं होतं. माझ्या मुली आज किती दवाखान्यांत असतील, किती पाठींवर हात फिरवत असतील. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालीच लिहून ठेवलं आहे की रुग्णाला बेडसोअर झाला तर तो दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. बारा मेला आम्ही तिच्या तसबिरीला हार घालतो, भाषणं करतो, दिवा लावतो. तिचं हे वाक्य मी त्याआधी भाषणात वापरलंही होतं. आता मला ते मोठ्याने म्हणता येत नाही. आणि त्याच नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर मेलेल्या सैनिकांचे आकडे वर्तुळाकार आलेखात मांडले, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनीच जास्त माणसं मेली हे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे ठेवलं, हे मला पीएचडीला आल्यावर नव्याने समजलं. दिवा घेतलेली बाई आम्हाला सगळ्यांनी दाखवली होती. आकडे मांडणारी कुणी दाखवली नव्हती. दिव्याने एक खाट दिसते. आकड्यांनी, त्या बाईला, एका रात्रीत न दिसणारा अख्खा वॉर्ड दिसला असणार.

म्हणून मला हे संशोधन करायचंच होतं. डॉक्टर ही उपाधी नावामागे लागेल, प्राध्यापकपदासाठी उपयोग होईल, घरच्यांना आनंद होईल, हे सगळं आहेच आणि ते मला हवंही आहे. पण त्या रात्रीनंतर विषय बदलायचा प्रश्न उरला नव्हता. माझ्या आधी नर्सनीच हे केलेलं आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने वृद्ध रुग्णांकडे बघून धोका मोजायची पहिली मोजपट्टी केली. १९८७ साली अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी केलेली मोजपट्टी आज मी वापरते. सहा गोष्टी बघायच्या: माणसाला दुखलं-खुपलं कळतं का, अंग ओलं राहतं का, किती हिंडतो-फिरतो, स्वतःची कूस बदलतो का, खातो किती, आणि अंथरुणावरून ओढताना कातडी घासते का. सहा ते तेवीस गुण. जितके कमी तितका धोका मोठा. त्या मोजपट्टीतला शेवटचा मुद्दा, घासण्याचा आणि ओढीचा, मी पुन्हा पुन्हा वाचला. आबांना वर सरकवताना मी आणि आई दोघी मिळून त्यांना काखेत धरून ओढायचो.

आणि एवढं सगळं असून मी मावशींना म्हणाले, वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मी स्वतःला समजावत होते की शास्त्र असंच चालतं. आज साठांना न शिकवल्याशिवाय उद्या हजारोंना शिकवण्यासाठी पुरावा मिळणार नाही. नैतिकता समितीने आराखडा मंजूर केला आहे, सातव्या दिवशी शेवटची नोंद झाली की याही गटाला पुस्तिका द्यायची असं त्यात लिहिलेलं आहे, मावशींनी संमतीपत्रावर अंगठा दिला आहे. हे सगळं बरोबर होतं. तरी गाईड मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू वळवायला हवं होतंस. हातातलं काम ठेवून त्याला कुशीवर करायचं, मग नोंदवहीत लिहायचं की संशोधकाने हस्तक्षेप केला, आणि तो नमुना वगळायचा. एक नमुना गेला असता. तुला हे माहीत होतं ना?"

मला माहीत होतं. आराखड्यात तसं कलमच होतं, मीच टाइप केलेलं. मला माहीत नव्हतं असं झालंच नाही. खरी गोष्ट अशी की चार महिन्यांत कसेबसे २३ नमुने झाले होते. निकषात बसणारा रुग्ण, सोबत नातेवाईक, सात दिवस राहण्याची शक्यता, संमती, हे सगळं जुळून यायला लागतं. त्यातून दिवाळी तोंडावर आली होती. हंगाम सुरू झाला की घरं रिकामी होणार, रुग्णाजवळ थांबायला माणूस उरणार नाही, आणि प्रगती अहवालाची तारीख जवळ. मला तेवीस हा आकडा सोडायचा नव्हता. मी नियमाच्या आड लपले नव्हते, आकड्याच्या आड लपले होते. माझ्या हातांना वीस वर्षांत कधी असं थांबवावं लागलं नव्हतं. ओली चादर दिसली की ते आपण होऊन पुढे जातात. त्या दुपारी मी ते पिशवीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेच्या आधीच वॉर्डात गेले. ठरवून गेले होते की नमुना गेला तरी चालेल, मावशींना दाखवायचं. तिथे पोचले तर त्यांचे मालक डाव्या कुशीवर होते. पाठीमागे गोधडीची गुंडाळी घट्ट सारलेली, वरचा गुडघा दुमडलेला, त्याखाली मावशींच्या कपड्यांचं गाठोडं. अगदी आडवं पाडलेलं नव्हतं, थोडं कलतं. पुस्तकात ज्याला तीस अंशांचा कल म्हणतात ना, तो कंपासपेटी न घेता जितका साधता येईल तितका साधलेला. मी विचारलं, कुणी केलं? मावशी लाजल्या. म्हणाल्या, "म्याच की." आणि मग त्यांनी करून दाखवलं. त्यांनी स्वतःचं जुनं लुगडं चौपदरी करून मालकांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सरकवून ठेवलं होतं. पलीकडच्या बाजूला जाऊन लुगड्याची कड दोन्ही मुठींत धरली, पाय खाटेच्या दांडीला लावला आणि स्वतःचं वजन मागे टाकलं. माणूस लुगड्यासकट वळला. कातडी गादीवर घासली नाही, लुगडं घासलं. "उसाची मोळी बांधताना असंच अंग टाकावं लागतं बघा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर कंबर जाती."

मी तिथे उभी राहिले. इंग्रजी पुस्तकांत याला ड्रॉशीट म्हणतात, सरकवण्यासाठी खाली घातलेली आडवी चादर. आमच्या कौशल्य-प्रयोगशाळेत ती आहे. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर मी ती टाकली नव्हती, कारण सरकारी दवाखान्यात आणि घरी कुणाकडे जादा चादर असते, असा विचार मी केला होता. चित्रांत हातांनी वळवणं दाखवलं होतं. सत्तर किलोचा माणूस आणि चाळीस किलोची बायको असेल तर ते होत नाही, ही गोष्ट चार चित्रांत नव्हती, पाच तज्ज्ञांच्या शेऱ्यांत नव्हती आणि माझ्याही डोक्यात नव्हती. मावशींनी ती एका रात्रीत सोडवली होती. मी शिकवलं नव्हतं म्हणून सोडवली होती, हे म्हणणं मला जमत नाही. पलीकडच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी नातवाने त्यांना अर्ध्या रात्री हात दिला होता, तोवर त्या तीनदा पडता पडता वाचल्या होत्या आणि मालकांना ओल्यात कितीतरी वेळ पडून राहावं लागलं होतं. हेही त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, हकीकत म्हणून.

सातव्या दिवशी शेवटची नोंद घ्यायला गेले. माकडहाड स्वच्छ. खांदे, कमरेची हाडं, कोपर, सगळं ठीक. मी जवळजवळ सुटकेचा श्वास टाकला आणि मग पांघरूण पायावरून काढलं. उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता, पाण्याने भरलेला, कडेने जांभळट. लकवा त्याच बाजूला होता, त्यांना कळलंच नसणार. मावशींनाही नाही, कारण त्यांनी पाठीचा विचार केला होता, पाठ सगळ्यांना माहीत असते. टाच गादीवर टेकू द्यायची नाही, पोटरीखाली उशी घालून ती अधांतरी ठेवायची, हे पुस्तिकेच्या आठव्या पानावर होतं. ती पुस्तिका चार दिवस माझ्या खांद्याला होती.

मी चेकलिस्ट खाटेवर ठेवली, गाठोडं घेऊन त्यांच्या पोटरीखाली सरकवलं आणि टाच उचलली. मग मावशींना बसवून पुस्तिका पानापानाने समजावली. त्यांना वाचता येत नव्हतं. नातू पाचवीत आहे, तो वाचून दाखवील म्हणाल्या. मुलगा आणि सून टोळीबरोबर निघायच्या बेतात होते, नातू आणि हे दोघं, अशी तिघं घरी राहणार होती. मी मुलाचा नंबर घेतला. घरी गेल्यावर पाठपुरावा करायचा, हे माझ्या आराखड्यात नव्हतं, तरी घेतला. पहिल्या महिन्यात दोनदा लावला, फडावर रेंज नसते, लागला नाही. त्यानंतर लागला तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी उचलला.

नमुना क्रमांक २३ माझ्या मास्टर चार्टमध्ये आहे. गाईड मॅडम म्हणाल्या की सातव्या दिवसाच्या नोंदीपर्यंत तू हस्तक्षेप केला नाहीस, त्यामुळे नियमाने तो ग्राह्य आहे. हस्तक्षेप केला नाहीस, हे त्यांनी सहज म्हटलं. दुखवायचं म्हणून नाही. त्या ओळीत टाचेच्या रकान्यात एक आकडा आहे, आणि साठांच्या बेरजेत तो माझ्या बाजूने मोजला जाईल. शिकवणी उपयोगी पडते हे सिद्ध करायला त्या फोडाची मदत होणार आहे. मी तो रकाना उघडला की नजर खाली सरकते.

दुसरा गट सुरू करण्याआधी मी सहावं पान बदलायचं ठरवलं. तपासून घेतलेल्या पुस्तिकेत मधेच बदल करायचा म्हणजे साधी गोष्ट नाही. तज्ज्ञांकडे पुन्हा पाठवायची, नैतिकता समितीला दुरुस्तीचं पत्र द्यायचं, कारण लिहायचं. मी लिहिलं: 'पूर्वीच्या चित्रांत दाखवलेली पद्धत एकट्या, अशक्त किंवा वृद्ध नातेवाइकाला जमण्यासारखी नाही. घरात उपलब्ध असलेल्या जुन्या सुती लुगड्याचा उपयोग करता येतो, असे पहिल्या गटातील एका नातेवाइकाच्या कृतीवरून आढळले.' समितीने दोन प्रश्न विचारले. लुगडं स्वच्छ असण्याची खात्री काय? सुरकुत्या पडून त्यांचाच दाब बसणार नाही का? दोन्ही प्रश्न योग्य होते. मी उत्तर पाठवलं: धुऊन उन्हात वाळवलेलं, दोनच्या वर पदर नाहीत, गाठ नाही, काठ अंगाखाली येणार नाही, प्रत्येक वेळी वळवल्यावर हाताने सपाट करायचं, ओलं झालं तर लगेच बदलायचं. ते लिहिताना पहिल्यांदाच मला वाटलं की माझं संशोधन सुरू झालं आहे. तोवर मी फॉर्म भरत होते. मंजुरी यायला सात आठवडे लागले. तेवढा वेळ मी थांबले, आणि या वेळी थांबण्याचं दुःख झालं नाही.

चित्रं काढायचं काम दुसऱ्या वर्षाच्या त्याच गेवराईकडच्या मुलीने घेतलं, जिने 'गादी खाते' म्हटलं होतं. तिचा हात चित्रकलेत फार सुरेख आहे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून तिने चार चौकटी आखल्या. मावशी कशा उभ्या होत्या, पाय दांडीला कसा लावला होता, मुठी कशा आवळल्या होत्या, ते मी उठून करून दाखवलं. स्वयंपाकाच्या मावशीही येऊन बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा पाय दुरुस्त केला, असा नाही, जरा तिरका. चौथ्या चौकटीत तिने पोटरीखाली गाठोडं काढलं आणि टाचेखालची मोकळी जागा बाणाने दाखवली. मग पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "मॅडम, लुगड्याचा काठ कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवा," मी म्हणाले. "पण छपाई एकरंगीच आहे गं."

"असू दे," ती म्हणाली, आणि रंगपेटी आणायला खोलीत गेली.